बिनदाराच्या झोपड्यांचं कुलूप

विक्की, टीना, हसू नका. कवडू माझा साडू. मास्तरांनी त्याला जे सांगितलं आणि त्यानं डोळ्यांनी जे पाहिलं, तेच सांगतो.

अठ्ठावीस फेब्रुवारी दोन हजार अकरा, सोमवारची रात्र. जनगणनेत त्या रात्री बेघर माणसं मोजतात, पुलाखाली, झाडाखाली, सापडतील तिथं. चिचगडचे बकाराम मास्तर फॉर्म घेऊन मोटारसायकलवरून निघाले. मूलबाळ नव्हतं, सारा जीव बायकोत.

"लवकर या जी, मले एकटीले भेव लागते," अल्का म्हणाली.

नाल्याच्या पुलाजवळ, मोहाच्या झाडाखाली शेकोटी दिसली. एक बाई, भोवती दहा जणं. आयतीच माणसं सापडली म्हणून मास्तर खूश झाले.

"नाव?"

"धुरपता. नाल्यापल्याडची टोली. दहा वर्सांआधी बी तुमीच आल्ते ना?"

मास्तरांचा पेन थांबला.

आले होते. पण उन्हात नाला ओलांडायचा कंटाळा केला. अलीकडच्या काठावर सावलीत बसून फॉर्मात टोलीतल्या चारही झोपड्यांपुढं लिहिलं, 'कुलूप आहे'. त्या पावसाळ्यात टोलीत ताप शिरला. कागदावर माणूसच नाही, मग दवाखान्याची गाडी जाईल कशाला? अख्खी टोली संपली. मास्तरांना सगळं ठाऊक होतं, पण नोकरीच्या भीतीनं तोंड उघडलं नाही. अशा माणसाची मला आजही चीड येते.

"आमच्या झोपडीले दारच नवतं, मास्तर," धुरपता म्हणाली. "बांबूची ताटी होती. कुलूप कुठं लावलं?"

मास्तरांनी नजर फॉर्मवर वळवली.

"लिवा आता. अकरा."

त्यांनी लिहिलं.

"तुमच्या घरी किती?"

"दोन..."

"एक," धुरपता म्हणाली.

मास्तरांनी मान वर केली, तर शेकोटी नव्हती. कोणीच नव्हतं...

मास्तरांनी गाडी कशी हाणली, त्यांनाच ठाऊक. एक वाजता घरी पोचले. दाराला बाहेरून कुलूप. त्यांनी लावलेलं नव्हतं.

आतून अल्का दार बडवत होती.

"अवो, कुलूप काऊन लावलं? उघडा ना... घरात कोनी तरी हाय..."

मास्तरांची बोंब ऐकून शेजारचा कवडू कुऱ्हाड घेऊन धावला. एक घाव. दुसरा. कडी तुटली.

आतला आवाज थांबला...

एकच खोली. खिडकीला गज. झाकून ठेवलेलं ताट. खाट अजून गरम.

अल्का नाही.

पोलिसांनी महिनाभर जंगल पालथं घातलं. मास्तर आता रोज नाला ओलांडून जातात, त्या पडक्या टोलीत हाका मारत फिरतात.

कुलूप कवडूकडे आहे. मी हातात घेतलं होतं. जड, गंजकं. उलटून पाहिलं, पालटून पाहिलं.

त्याला किल्लीचं भोकच नाही.