डावऱ्या मिस्त्रीची लाल रेघ

दिवा जरा बारीक करा, डोळ्यांवर येतोय. आणि तू, दाराशी बसलेला, आत सरकून बस. घाबरवत नाही रे, माझ्या पायांना जागा हवी.

मगाशी विचारत होतात ना, बाकीचे मिस्त्री काम झालं की बोल्टवर रंगाची रेघ मारतात, मग तुम्हीच का मारत नाही? त्याचं उत्तर एका माणसापाशी आहे. माझ्या चांगल्या ओळखीतला. शेजारच्याच गाळ्यात काम करायचा. डावखुरा, म्हणून सगळे त्याला डावरे मिस्त्री म्हणायचे. खरं नाव त्याला स्वतःला तरी आठवत होतं की नाही, कोण जाणे.

तर त्या दिवशी डावरे मिस्त्री जोडातून तेल गळू नये म्हणून लावतात तो गॅस्केटचा कागद आणायला निघाला. नोव्हेंबरातला दुसरा शुक्रवार, दिवेलागणीची वेळ. कागद घेतला, ग्रीसचा डबा घेतला, खोकल्याच्या चार गोळ्या घेतल्या आणि रमतगमत गाळ्यावर परत आला. येऊन बघतो तर लेक आणि जावई दोघंही येऊन बसलेले.

जावयाला जुन्या गाड्यांचं भारी वेड. कुठूनतरी पन्नास वर्षांची जीप भंगारातून उचलून आणलेली. पत्रा नवा, रंग नवा, सीटा नव्या. पोटातलं सगळं मात्र जुनंच. आठवड्यापूर्वी उतारावर चालता चालता एकदम जाम झाली आणि गिअरचे दात तुटले. सोमवारी लेकीला डोंगरापलीकडच्या गावात नोकरीवर हजर व्हायचं होतं. बिऱ्हाड त्याच जीपमधून जायचं होतं.

"मामा, सकाळी सहाला निघायचं बरं का," जावई म्हणाला.

"जावईबापू, गिअरबॉक्स आहे तो, कुकर नव्हे. तीन शिट्ट्या झाल्या की उतरवला, असं नसतं."

"तसं नाही, पण मी तिला किती जपतो ते तुम्हाला माहीतच आहे."

"जीपला," लेक म्हणाली. "माझ्याबद्दल बोलत नाहीयेत ते, बाबा."

हसले सगळे. लेक जाताना म्हणाली, "जेवून घ्या. घाई असली की तुम्ही जेवत नाही." तिनं डबा कपाटावर ठेवला आणि दोघं गेली.

मिस्त्रीनं शटर अर्धं ओढून घेतलं. गिअरबॉक्स जीपमधून काढून बाकावर ठेवलेला, त्याचं खालचं काम झालेलं होतं. नवे गिअर, नवे बेअरिंग, सगळं बसलेलं. वरचं टोपण तेवढं लावायचं राहिलं होतं. टोपणाचे सहा बोल्ट कालपासून रॉकेलच्या डब्यात भिजत होते. एकेक काढून फडक्यानं पुसायला लागला. कित्येक वर्षांचा मळ निघाला आणि खालून लाल रंग दिसला.

आता ही रेघ काय असते ते नीट ऐका. बोल्ट पुरता आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक रेघ ओढायची. बोल्ट हलला तर रेघ तुटते, लगेच कळतं. पण ते झालं वरवरचं कारण. खरं म्हणजे ती रेघ मिस्त्रीचा शब्द असते. मी हे काम केलंय, बिनघोर जा, असा.

आणि डावऱ्या मिस्त्रीची रेघ सगळ्यांपेक्षा वेगळी. डाव्या हातानं ओढायचा, त्यामुळं ब्रश उचलताना शेवटी ती जरा डावीकडे वळायची. लहान आकड्यासारखी. उजव्या हाताच्या माणसाची असती तर उजवीकडे वळली असती.

त्यानं टोपणाची कड पुसली. लाल रेघ. शेवटी डावीकडे वळलेली.

त्याची स्वतःची.

मग त्यानं टोपण उलटं केलं. त्यात दोन दांड्या असतात, त्या गिअर टाकतात. दोघींच्या मध्ये एक भोक आणि त्यात बोटाच्या पेराएवढी पिन. एक दांडी सरकली की पिन दुसरीला अडवते. ती नसली तर कधीतरी दोन गिअर एकदम पडतात आणि धावती चाकं जागच्या जागी धरली जातात.

भोक रिकामं होतं.

खाली बसला तो. चोवीस वर्षांपूर्वीची रात्र आठवली. असंच टोपण हातात, आणि पिन निसटून गटाराच्या जाळीतून खाली गेली. नवी घासून करायची तर तास गेला असता. तेवढ्यात निरोप आला, दवाखान्यात बायको मोकळी झाली, मुलगी आहे. बाहेर जीपचा ड्रायव्हर थांबलेला. उंच होता, लांब्या म्हणायचे त्याला. चावी शटरवर तीनदा वाजवून विचारायची सवय त्याची. "झालं का, मिस्त्री?"

पिनेवाचून टोपण बसवलं. वर लाल रेघ ओढली. म्हणाला, "झालं. घेऊन जा."

आणि पळाला, लेकीचं तोंड बघायला.

पहाटे घाटात लांब्या दरीत गेला, जीपसकट. उतारावर चाकं जाम झाली, असं लोक म्हणाले. गिअरबॉक्स कुणी उघडलाच नाही. मिस्त्रीनंही तोंड उघडलं नाही. बायकोपाशीसुद्धा नाही.

आणि तीच जीप आता त्याच्यापुढं... नवा पत्रा पांघरून.

सरळ सांगून टाकायचं ना जावयाला, असं वाटतंय तुम्हाला. त्यालाही वाटलं. पण जावई विचारणार, का? मग रेघ दाखवावी लागणार. आणि लेकीसमोर... नाही जमलं त्याला. म्हणाला, आता पिन बसवतो, म्हणजे मिटलं.

पोलादी सळीचा तुकडा घेतला, घासला, पिन तयार केली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस. पिन फडक्यावर ठेवली आणि ग्रीसच्या डब्याकडे वळला. परत वळला तर फडकं मोकळं.

बाकाखाली शोधली. बॅटरी लावून शोधली. जाळी तर केव्हाच सिमेंटनं बुजवलेली.

तेवढ्यात शटरवर चावी वाजली. तीनदा.

"झालं का, मिस्त्री?"

अर्ध्या शटरखालून बाहेरचा रस्ता दिसत होता. रस्त्यावर उजेड होता. पाय कुणाचेच नव्हते.

त्यानं शटर पुरतं खाली ओढलं, कडी घातली. दुसरी पिन घासायला घेतली. दोनदा माप चुकलं, त्यामुळं वेळ लागला. दीड वाजला. पिन मुठीत घट्ट धरली, टोपणापाशी आला, मूठ उघडली...

तळहातावर नुसतं तेल.

"झालं का, मिस्त्री?"

या वेळी आवाज जवळून आला. शटरच्या आतून.

तो वळला नाही. तिसरी पिन घासली. तिच्यावर कानशीनं एक बारीक खाच पाडली, ओळखू यावी म्हणून. मग ती तोंडात धरली, दातांमध्ये. डोळे मिटले नाहीत, गिळलं नाही, श्वास नाकानं घेतला. मानेवर कुणीतरी श्वास सोडत होतं. गार. त्याला डिझेलचा वास होता. मिस्त्रीनं तोंडातली पिन थेट भोकात ढकलली. ग्रीस भरलं. टोपण बसवलं. सहा बोल्ट, एकेक करून, पुरते आवळले. ब्रश बुडवला. सहा रेघा ओढल्या.

"झालं का..."

"झालं," मिस्त्री म्हणाला.

गप्प झालं सगळं. मग शटरवरून कुणीतरी हात फिरवला. वरून खालपर्यंत. सावकाश.

डबा कपाटावर तसाच राहिला.

सकाळी जावयाला हाताशी घेऊन बॉक्स जीपवर चढवला. सहाला निघायचे ते दहाला निघाले. मिस्त्री म्हणाला, मीही येतो. मागं सामानात अंग चोरून बसला. चढ नीट गेला. गिअर लोण्यासारखे पडत होते. जावई खूश. "मामा, हाताला जादू आहे तुमच्या!"

माथ्यावर, जिथून उतार लागतो त्या वळणावर, पाणी घालायला थांबले. लेक पाय मोकळे करायला कठड्यापाशी गेली.

"बाबा, हे तुमचं का? तुम्ही मांडता तसंच मांडलंय कुणीतरी."

कठड्यावर एक फडकं अंथरलेलं. त्यावर तीन पिना. ओळीत, सारख्या अंतरावर. तिसरीवर बारीक खाच.

मिस्त्री जीपकडे धावला. पायाखालचा पत्रा उचकटला. सहा बोल्ट, सहा लाल रेघा. एकही तुटलेली नव्हती.

"पाना द्या, जावईबापू."

"अहो मामा, रात्रीच तर..."

"पाना द्या!"

टोपण निघालं. भोक रिकामं होतं.

मग मिस्त्री तिथंच रस्त्यावर बसला आणि सगळं सांगितलं. लांब्याचं. पिनेचं. रेघेचं. लेक ऐकत होती.

"कधीची गोष्ट?" तिनं विचारलं.

"तू जन्मलीस, त्या रात्रीची."

तिनं कठड्यावरून खाली दरीत बघितलं. मग म्हणाली, "त्यांच्या घरी कोण होतं?"

मिस्त्रीला ते माहीत नव्हतं. चोवीस वर्षांत त्यानं विचारलं नव्हतं.

लेकीनं पिशवी खांद्याला लावली आणि घाट पायी उतरायला लागली. बापाकडे वळूनही पाहिलं नाही. जावयानं टोपण परत ठेवून बोल्ट हातानं फिरवले, तेही सैलच. चाकांना दगड लावले, चावी खिशात टाकली. आणि तिच्या मागं निघाला. मिस्त्रीनं तीन पिना उचलून खिशात टाकल्या आणि तोही खाली उतरला. रात्रभर त्या त्यानं मुठीतून सोडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावई आणि मिस्त्री जीप ओढून आणायची गाडी घेऊन वर गेले. जीप होती तिथंच होती. दगड होते तसेच. जावयानं आत वाकून पत्रा उचलला.

"मामा... मी तर नुसते हातानं लावले होते."

सहाही बोल्ट पुरते आवळलेले. सहांवर लाल रेघा. मिस्त्रीनं बोट लावलं. बोटाला रंग आला.

ओला.

जावयानं पाना उचलला. मिस्त्रीनं त्याचं मनगट धरलं आणि रेघेच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथं ब्रश उचलताना ती जराशी वळली होती.

उजवीकडे.