गोदामात जळलं ते काय?

पाहणी अधिकारी बाई गाडीत बसतच होत्या, तेवढ्यात फोन वाजला. ज्या गोदामातली कॉफी तपासायला त्या निघाल्या होत्या, ते गोदाम पहाटे जळून गेलं होतं.

"आता येण्यात अर्थ नाही," पलीकडून बागायतदारांच्या सोसायटीचे चेअरमन म्हणाले. "राख काय तपासणार तुम्ही?"

"आता तर यायलाच हवं," म्हणत बाईंनी फोन ठेवला.

कॉफीचे भाव कोसळले, वर झाडांवर रोग पडला, तेव्हा सरकारने कर्जमाफी जाहीर केली होती. सोसायटीच्या प्रत्येक सभासद बागायतदाराचं कर्ज सरसकट माफ. सोसायटीचं स्वतःचं कर्ज मात्र निम्मंच माफ. उरलेलं तिने गोदामातली कॉफी विकून फेडायचं आणि शिल्लक बागायतदारांना वाटायची. पण माल अपघातात गेला, तर सोसायटीचंही सगळं कर्ज माफ. हे शेवटचं कलम ज्याच्या डोक्यातून निघालं, त्याला बाईंनी मनातल्या मनात बऱ्याच वेळा कोपरापासून हात जोडले होते.

गोदामाच्या भिंती तेवढ्या उभ्या होत्या. छपराचे पत्रे वाकून आत कोसळले होते. बंबाचं पाणी पोचलं नव्हतं तिथे करडी, भुसभुशीत राख पडली होती आणि वाऱ्याच्या झुळकीसरशी उडत होती. बाईंनी काठी खुपसली. ती सरळ जमिनीला टेकली.

"समाधान झालं?" चेअरमन मागून गरजले. त्यांना सगळे 'तोफ' म्हणत. "त्या राखणदाराने बिडी ओढली आणि आमचं वर्ष जाळलं. कबूलही केलंय त्याने."

"तुम्ही आग पाहिलीत?"

"गच्चीवरून. धूर माझ्या घरात घुसला होता. गवताची गंजी पेटल्यासारखा. अजून घसा खवखवतोय."

"गोदामाची किल्ली कुणाकडे असते?"

"मॅनेजरकडे. मी किल्ल्या बाळगत नाही. मी माणसं बाळगतो."

मॅनेजर ऑफिसच्या पायरीवर बसले होते. दोन्ही तळहातांना पट्ट्या होत्या. कुणाच्या मुलीची फी भर, कुणाला दवाखान्यात ने. अख्खं गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं. येणारा-जाणारा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पुढे जात होता.

"तुम्ही आधी पोचलात?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांच्या आधी. दार उघडून आत घुसलो. पण पोती धडाधड पेटत होती." त्यांनी पट्ट्यांकडे पाहिलं. "भाजलेल्या कॉफीचा तो वास, बाई, नाकातून जात नाहीये. लोकांचा घाम होता तो."

"आणि राखणदार?"

"बाहेर उभा राहून रडत होता. बिचाऱ्याच्या हातून झालं. त्याला फार शिक्षा होऊ नये, असं तुम्हीच लिहा काहीतरी."

एवढ्यात एक बाई पदर खोचून तरातरा आली. राखणदाराची थोरली बहीण. घराची कॉफीची बाग तिच्या नावावर होती आणि बागेवरचं कर्जही.

"माझा भाऊ बिडी ओढतो म्हणे," ती चेअरमनांना म्हणाली. "चुलीचा धूर लागला तरी त्याला दम्याची उबळ येते. मी पाटावर बसून फुंकणी फुंकते आणि हा अंगणात पळतो. आणि तुम्ही त्याला बिड्या ओढायला लावता?"

"त्याने कबूल केलंय."

"मग त्याला कबूल करायला कुणी लावलं, ते शोधा. मोठी तोफ म्हणवता."



बाई तिथून थेट पोलीस ठाण्यात गेल्या. राखणदार कोठडीत भिंतीला टेकून बसला होता.

"बिडी कुठे ओढलीस?"

"आत. पोत्यांजवळ."

"बंडलात किती उरल्या?"

त्याने खिसा चाचपला, मग हात मागे घेतला. "संपल्या."

"रोज ओढतोस?"

"रोज." एवढं बोलतानाही त्याला ढास लागली. ती थांबल्यावर त्याने हळूच विचारलं, "बाई, ताईचं कर्ज माफ होईल ना? आता तर तिचं नाव घातलं असेल."

"आता म्हणजे?"

त्याने खोकल्याचं निमित्त केलं.

"तिचं कर्ज पहिल्या दिवसापासून माफ आहे," बाई म्हणाल्या. "प्रत्येक सभासदाचं आहे. कुणी नाव घालावं लागत नाही आणि कुणाला काढताही येत नाही."

 तो उभा राहिला आणि गजांवर कपाळ आपटू लागला. बाईंनी ठाणेदारांना हाक मारली.

दुपारी सोसायटीच्या सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. बाई टेबलामागे बसल्या नाहीत. रागाने त्यांचा आवाज बसला होता, त्यामुळे लोकांना कान देऊन ऐकावं लागलं.

"एकच प्रश्न विचारते. पहाटे तुमच्यापैकी कितीजण धावत आले?"

जवळजवळ सगळेच हात वर झाले.

"कॉफीचा वास कुणाला आला?"

हात खाली आले. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"गोदाम भरून कॉफी पेटली असती, तर आधी ती भाजली असती. वासाने गाव भरलं असतं. चेअरमनांना गवताच्या गंजीचा धूर आला. तुम्हाला?"

"पेंढ्याचा," एक म्हातारा सावकाश म्हणाला. "खरंच की. पेंढ्यासारखाच."

"कॉफीचं बी टणक असतं. पोत्यांच्या थप्प्या असल्या तर आतलं बी काळं पडून, कोळसा होऊन मागे राहतं. मला एकही बी सापडलं नाही. नुसती करडी राख होती. गोदामात जळलं ते बियांवरून काढलेलं फोलपट. कॉफी आधीच गेली होती."

सभागृहात गलका उठला. तो शमेपर्यंत बाई थांबल्या.

"एकाच माणसाला कॉफीचा वास आला. आत कॉफी होती हे आपल्याला पटावं, म्हणून त्याने तो सांगितला. किल्ली त्याच्याकडे होती. आणि राखणदाराला माफीत नाव घालायची थाप मारता येईल असा ऑफिसातला माणूसही तोच."

देवमाणसाने पट्ट्या बांधलेले हात मांडीवर तसेच ठेवले होते. "वासावरून माणूस चोर ठरतो का, बाई?"

"नाही. म्हणून साक्षीदार आणलाय."

ठाणेदारांनी राखणदाराला पुढे केलं. तो बहिणीकडे न बघता बोलला. माल पुन्हा साफ करायला न्यायचाय, असं सांगून मॅनेजरने ट्रक भरले होते. परत आली ती पोती हलकी होती. त्याने विचारलं, तेव्हा मॅनेजर म्हणाले, गप्प राहा. मग पहाटे त्यांनीच रॉकेल ओतलं. तेव्हाच त्यांचे हात पोळले. "म्हणाले, तू बिडीचं कबूल कर, थोडे दिवस आत राहशील. मी ताईचं नाव माफीत घालतो. नाहीतर बाग जाईल."

"जे तिचं आधीच होतं," बाई म्हणाल्या, "तेच ह्यांनी तिच्या भावाला विकलं."

मॅनेजर उठले. आता त्यांचा आवाज चढला. "मग काय बिघडलं? माल विकून तुम्हाला काय हाती लागणार होतं, मातीच ना? सोसायटीचं सगळं कर्ज माफ होत होतं. ह्या बाईंनी खरं लिहिलं तर निम्मं पुन्हा तुमच्या बोकांडी बसेल. बघा, कोण तुमचं भलं करतंय ते."

 कर्जाचं म्हणाल तर त्यात खोटं काही नव्हतं. एकाने हलकेच म्हटलंही, "बाई, अपघातच लिहिलात तर..."

राखणदाराची बहीण उभी राहिली. "लिहा की. आणि माझ्या भावाला आत ठेवा. घरटी एकेक माणूस द्या मग त्याच्या सोबतीला. तुमचंही भलं होतंय ना?"

ज्याने म्हटलं होतं, तो खाली बसला.

"ट्रक कुठे गेले?" चेअरमनांनी मॅनेजरला विचारलं. त्यांनी आवाज चढवला नव्हता, आणि म्हणूनच तो भयानक वाटला.  राखणदारानेच ट्रकवाल्यांच्या तोंडून ऐकलेला व्यापाऱ्याचा पत्ता सांगितला. ठाणेदार टोपी घालून निघाले. व्यापाऱ्याने सगळा माल अजून विकला नसेल, तर काही पोती परत मिळणार होती. बाकीच्यांसाठी झगडावं लागणार होतं.

बाईंनी अहवाल तिथेच लिहिला. त्यात अपघात हा शब्द नव्हता.

संध्याकाळच्या आत राखणदार सुटला. ठाण्याबाहेर बहीण उभी होती. तो पाया पडायला वाकला, तशी ती बाजूला सरकली.

"ताई, मला वाटलं बाग वाचेल. रागावू नकोस."

"घरी चल," ती म्हणाली आणि त्याला दम लागू नये म्हणून हळू चालू लागली. "तुझ्यावर रागवायला मला निवांत वेळ पाहिजे."