चार वाजता या

मी चौथ्यांदा वाजवलं तेव्हा शटर हातभर वर गेलं आणि त्याखालून एक विस्कटलेलं डोकं बाहेर आलं. गालावर उशीच्या नक्षीचा ठसा.

"बाय, कोण वारलं?"

"कुणी नाही. एक बल्ब हवा होता."

त्यानं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे... जरा जास्तच वेळ. "तुम्ही इथल्या नव्हे."

"सोलापूरची. कशावरून ओळखलंत?"

"इथली माणसं दुपारी दोन वाजता अंधारात बसतील, पण बल्ब मागणार नाहीत. चार वाजता या."

चार वाजता कुठून येणार? गोव्यातल्या साखळी गावच्या दवाखान्यातली माझी नर्सची ड्यूटी सुटायची दोनला आणि मयेला, माझ्या खोलीकडे जाणारी बस पावणेतीनला. मधल्या वेळात अख्खा बाजार घोरत असायचा. मी तसं सांगितलं. त्यानं जांभई दिली, बल्ब दिला, आणि शटर ओढता ओढता पुटपुटला, "उद्या काही लागलं तर... हळू वाजवा."

उद्या लागलं. खिळे. परवा मेणबत्ती. पुढच्या आठवड्यात शटर आधीच अर्धं वर होतं, आणि त्यानंतर आत एक स्टूल आलं. त्याचं नाव रुद्रेश. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही.

"सकाळी पों पों करत जातो तो कोण रे?"

"पोदेर. पाववाला. फाटकाला पिशवी अडकवून ठेव, तो उंडे, म्हणजे गोल पाव, टाकून जाईल."

"आणि उंडे कुणी नेले तर?"

"कोण नेणार? ज्याच्या त्याच्या फाटकाला ज्याची त्याची पिशवी असते."

"सोमवारी मासेवाली फिरकलीच नाही."

"सोमवारी आम्ही सोवळे."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी सोमवारची भरपाई."

दोन महिने असे गेले. मग बाबांचा फोन आला. घराजवळच्या दवाखान्यात जागा आहे, शनिवारपर्यंत होकार कळव. आधी आला असता तर मी उडी मारून निघाले असते. आता मात्र... पण मला राहा असं म्हटलं होतं कुणी?

शुक्रवारी निरोप घ्यायला गेले, तर शटर सताड उघडं आणि माझ्या स्टुलावर रुद्रेशची आई.

"ही काय ती बल्बवाली?" सुमनकाकींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गो बाय, नदीचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा हा चेडो म्हणाला, आई, चार वाजता बघतो. आणि आता दोन महिने दुपारचा डोळा मिटत नाही. काल पेंगत पेंगत दत्तारामाला कुलूप एक दिलं, चावी भलतीच. तो अजून स्वतःच्या ओसरीवर बसलाय."

रुद्रेशच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "आई, तू वर जा."

"जातेच. मला झोप आहे."

त्या गेल्यावर मी बाबांच्या फोनचं सांगितलं. तो स्क्रूचा डबा उघडत राहिला, मिटत राहिला.

"सोलापूरला दुपारी दुकानं उघडी असतात?"

"असतात."

"मग तुझं बरं होईल." त्यानं डबा पुन्हा उघडला. "माझं काही खरं नाही. दोन वाजले की कान शटरकडे लागतात... तू गेलीस तरी लागणार."

"रुद्रेश, हे तू मला राहा म्हणतोयस का?"

"झोप झालेली असती तर नीट म्हटलं असतं." मग त्यानं डबा बाजूला ठेवला. "राहा, क्षमा."

बाहेर पावणेतीनच्या बसनं हॉर्न दिला. दोघांनीही ऐकला. मी स्टूल ओढलं आणि बसले.

आता आम्ही दुकानाच्या वरच राहतो. दोन वाजले की रुद्रेश आणि आठ महिन्यांची गौरवी अगदी सारखे झोपतात, तोंड उघडं, मूठ गालाखाली. काल कुणीतरी शटर वाजवायला लागलं. एकदा, दोनदा, चारदा. लेक जागी होईल म्हणून मी धावत खाली गेले, शटर हातभर वर केलं. बाहेर घामाघूम झालेली एक परकी मुलगी.

"ताई, एक बादली हवी होती."

"बाय," मी जांभई आवरत विचारलं, "कोण वारलं?"