सहीखालची ओळ

ही माझ्या धाकट्या मावशीची हकीकत. मावशी नाकासमोर चालणारी बाई, थापा मारणं तिच्या रक्तातच नाही. तरी कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा.

ती मात्र तेव्हापासून हसलेली नाही.

शनिवार होता. दुपारचे अडीच. इमारती तपासून त्या धडधाकट असल्याचा दाखला देणाऱ्या इंजिनिअरचं ऑफिस. मावशी तिथे सोळा वर्षं कारकून.

थोरले साहेब जाऊन अकरा दिवस झाले होते...

त्यांची डिजिटल सही मात्र अजून चालू होती. मावशीच्या खणात, पेनड्राइव्हसारख्या एका डोंगलमध्ये. पिनही तिलाच पाठ. साहेब साइटवरून फोनवर नुसतं "कर" म्हणायचे आणि मावशी सही करायची. बऱ्याच ऑफिसांत असंच चालतं.

"शाळेच्या इमारतीचा दाखला आजच पाठवा," धाकटे साहेब म्हणाले. थोरल्यांचे सख्खे भाऊ. "सोमवारी त्यांना वरचा मजला उघडायचाय."

"पण साहेबांनी दोनदा नाही म्हटलं होतं. स्लॅबला तडा आहे."

"तो आता तिसऱ्यांदा नाही म्हणणार आहे का? त्याच्या सहीचं सर्टिफिकेट मार्चपर्यंत चालू आहे. तो गेल्याचं तिकडे मंजुरीच्या ऑफिसात कोणाला ठाऊक? कायद्याला सही दिसते ताई, सही करणारा दिसत नाही. आणि उद्या काही झालंच, तर मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही."

जाता जाता ते दारात थांबले. "तुमचीही नोकरी मार्चनंतर चालू राहायला हवी ना?"

मावशीचा हात दगडाखाली. घर तिच्या एकटीच्या पगारावर. आणि लेक त्याच शाळेत, चौथीत.

लेकीच्या तुकडीचा वर्ग वरच्या मजल्यावर भरणार होता.

तिने डोंगल लावला. पिन टाकला.

चुकीचा पिन...

सोळा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात मागे आवाज आला. टक... टक...

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. साहेबांची एक छोटी हातोडी होती. खांबावर ठोकून ते कान लावायचे. भरीव असेल तर टक. आतून पोकळ असेल तर ढब. ती हातोडी साहेबांच्या पत्नीने कधीच घरी नेली होती.

तिने वळून पाहिलं. केबिनला कुलूप होतं.

पुन्हा पिन टाकला. पुन्हा चुकीचा. तिसऱ्यांदा चुकला की डोंगल बंद; आता एकच संधी उरली होती.

पंख्याचा आवाज बंद पडला... पंखा मात्र फिरतच होता.

आणि अगदी तिच्या खुर्चीमागे...

ढब.

मावशीने तिसऱ्यांदा पिन टाकला आणि डोळे मिटून एंटर दाबलं. भीतीपोटी की नोकरीपोटी, ते ती आजही सांगत नाही.

सही झाली. हिरवी खूण उमटली. तिने दाखला पाठवूनही दिला. मग तिची नजर सहीखाली गेली. तिथे कारणाची ओळ असते. वर्षानुवर्षं एकच ठरलेली: 'जागेवर जाऊन तपासले.'

आज तिथे लिहिलं होतं...

'मी पाहिले नाही. ही सही माझी नाही.'

सोमवारी ती मंजुरीच्या ऑफिसात धावली. तिथल्या अधिकाऱ्याने ओळ वाचली आणि जांभई दिली. "हिरवी खूण आहे ना? मग झालं. खालचं कोण वाचतं, बाई? टायपिंग चुकलं असेल."

वकील म्हणाला, "कायद्याने ही सही शाईच्या सहीइतकीच पक्की. खोटी ठरवायची, तर ती केली कोणी ते आधी सांगा."

मावशी उठली आणि घरी निघून आली. मला तिचा संताप येतो, आणि कीवही येते.

ती ओळ कोणी लिहिली, कोणालाच सांगता आलेलं नाही. फाइल आजही उघडली की ती तिथेच असते. मी स्वतः पाहिली आहे.

लेकीचे गुडघे दुखतात असं खोटंच सांगून मावशीने तिला तळमजल्यावरच्या तुकडीत घालून घेतलं. बाकीची बेचाळीस मुलं रोज वर चढतात.

परवा मी तिच्याकडे जेवायला होतो. लेक म्हणाली, "आई, माझ्या मैत्रिणीलापण खाली घ्यायला सांग ना गं बाईंना."

मावशीने तिच्या ताटात भात वाढला.

"बघू," म्हणाली.