फटफटीचं बूच

कॉटन ग्रीनच्या गोदामांमागच्या मैदानात सुट्या कापसाचा ढीग होता म्हणून बरं! फटफटी त्यात घुसली, आणि तिच्या मागोमाग कालिंदीही.

शेजारच्या लॉरीखालून एक तरुण मिस्त्री सरपटत बाहेर आला. त्यानं आधी इंजिन बंद केलं, मग नर्सच्या पांढऱ्या साडीतल्या कालिंदीला हात दिला.

"लागलं का, सिस्टर?"

"आधी तिची विचारपूस, मग माझी होय?" कालिंदी केसांतला कापूस वेचत म्हणाली.

"ती ओरडत होती. तुम्ही गप्प होता." तो हसला. "टू-स्ट्रोक जातीची आहे ही. लष्कराच्या लिलावातली दिसते, चिखलदगडांतून पळणारी. मूठ पिळली की आधी झोपून राहते... आणि मग एकदम अंगावर येते."

त्याचं नाव जयवंत. लालबागला, करी रोडच्या पुलापाशी त्याचं गॅरेज होतं. कालिंदी परळच्या एका प्रसूतिगृहात सिस्टर होती; बाळंतपणं करायला घरोघर जायची. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. बंद पुकारला की ट्राम नाही, बस नाही. अशाच एका बंदला ती वरळीच्या चाळीत पायी धावत पोचली, तेव्हा उशीर झाला होता. बाळ गेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं मेट्रनबाईंकडे आवारात गंजत पडलेली फटफटी मागितली.

"दिवाळीपर्यंत शीक," मेट्रनबाई म्हणाल्या. "नाही जमलं, तर फटफटी विकू आणि तुला वॉर्डात घेऊ."

हे सगळं ऐकून जयवंतनं फटफटी एका रात्रीसाठी गॅरेजात नेली. दुसऱ्या संध्याकाळी ती शहाण्या गाईसारखी चालू लागली.

"काय केलंत हिला?"

"समजूत घातली."

मग रोज ड्यूटी संपली की शिकवणी. कालिंदी पांढऱ्या साडीचा काष्टा मारून बसायची, जयवंत बाजूनं धावायचा. "मूठ पिळायची नाही, गोंजारायची! क्लच सावकाश सोडा... बाळाच्या मानेखालचा हात काढता ना, तसा." हे तिला लगेच कळलं. एकदा वळणावर चाक घसरलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "सांभाळ गो!" लगेच कान लाल झाले. "म्हणजे... सांभाळा, सिस्टर."

तो 'गो' कालिंदीच्या कानात घरापर्यंत गुणगुणत राहिला. जयवंत कधी कधी "मी काय म्हणत होतो..." अशी सुरुवात करायचा, ती मान वळवायची, आणि तो म्हणायचा, "चेन सैल झालीय."

दिवाळी तोंडावर आली आणि पुन्हा बंद झाला. दुपारी वरळीहून निरोप आला — सुंदराबाई अडलीय, लवकर या. कालिंदी निघाली. पण करी रोडचा पूल चढताना फटफटी धापा टाकू लागली. मूठ पूर्ण पिळली तरी दम नाही. मध्यावर ती थांबलीच. कालिंदीला वरळीच्या चाळीतलं ते गेलेलं बाळ आठवलं. ती उतरून ढकलू लागली.

समोरून गिरणी कामगारांचा मोर्चा येत होता. "झालाच पाहिजे!"च्या मधेच कुणीतरी ओरडलं, "ए, बाजू द्या! सिस्टरबाई बाळंतपणाला चालल्यात!" मग बाई आणि फटफटी दोन्ही हातोहात पुलाच्या माथ्यावर पोचल्या.

सुंदराबाईला मुलगी झाली. दोघी सुखरूप. "फटफटी तुझीच आता," परळला परतल्यावर मेट्रनबाई म्हणाल्या. पण कालिंदी तिथून थेट गॅरेजात आली, ती तणतणत.

"इतकं शिकवलंत, मिस्त्री, आणि एक पूल चढत नाही?"

"बाळ?" त्यानं आधी विचारलं.

"सुखरूप आहे. लोकांनी ढकलली म्हणून!"

जयवंत खाली बसला. कार्बोरेटरचं टोपण उघडून चिमट्यानं त्यानं बुचाचा एक तुकडा बाहेर काढला. "याच्यामुळं. मूठ कितीही पिळा, अर्ध्याच्या वर दम मिळत नाही. पहिल्या रात्रीच बसवलं. नवा हात, म्हणून."

"आणि हात तयार झाल्यावर?"

तो टोपण परत बसवू लागला. "रोज काढायचं ठरवत होतो. पण बूच निघालं की शिकवणी संपली... मग तुम्ही कशाला याल इकडे?"

"एक जीव अडला होता तिथं!"

"चुकलं माझं." एवढंच. सबब नाही, चेन नाही.

कालिंदीनं ते बूच तळहातावर घेतलं. राग पुरता गेला नव्हता, पण ओठांचा एक कोपरा मात्र ऐकेना.

"फटफटीचं काढलंत. तुमच्या तोंडाला बसलंय ते कोण काढणार? बसा मागे."

तिनं मूठ गोंजारली, हळूहळू उघडली, आणि फटफटी निळा धूर सोडत एका दमात पूल चढली. माथ्यावर कालिंदीनं इंजिन बंद केलं. बंदमुळं गिरण्यांचे भोंगेही गप्प होते. लपायला कुठला आवाजच नव्हता.

"बोला."

"सिस्टर..."

"बहीण नाही मी तुमची."

"कालिंदी," तो म्हणाला, अडखळला... आणि मग सुटलाच. "तू कापसात पडलीस तेव्हापासून कामात लक्ष नाही माझं, काल लॉरीचं चाक उलटं बसवलं, खोली लहान आहे पण वारा येतो, आई तापट आहे पण मासे झकास करते, अपरात्री तुला निरोप आला तर फटफटी मी चालू करून देईन, लग्न करशील गो माझ्याशी?"

कालिंदीला इतकं हसू आलं, की हँडल डगमगलं.

"सावकाश, मिस्त्री! आधी झोपून राहायचं आणि मग एकदम अंगावर यायचं... टू-स्ट्रोक जातीचेच आहात!"

"मग... हो की नाही?"

तिनं बूच पदराच्या टोकाला घट्ट गाठीत बांधलं.

"हे मी ठेवून घेते," ती म्हणाली. "इतकं बोलणारा नवरा म्हटल्यावर लागेल कधीतरी."