जंतूताई

जिन्यावर दोघांची टक्कर झाली असती, तर निदान चूक कोणाची ते तरी ठरवता आलं असतं. टक्कर झालीच नाही. ती दोन्ही हातांत ट्रे धरून, जिभेचं टोक दातांत पकडून, एकेक पायरी उतरत होती. तो खालून वर येत होता... ओले केस, खांद्यावर टॉवेल. तिला वाट द्यायला तो अंग चोरून भिंतीला चिकटला, अगदी सभ्यपणे मान झुकवली, आणि त्याच्या केसांतून निघालेला एक थेंब थेट ट्रेमधल्या संत्र्याच्या रसात पडला.

"अहो!"

"पाणीच आहे," तो म्हणाला.

"कुठलं पाणी?"

"स्विमिंग पूलचं. मी पोहायला शिकवतो तिथे. एकदम स्वच्छ असतं हो, औषधाला एक जंतू सापडायचा नाही."

"तेच तर! माझ्या या रसात जिवंत जंतू आहेत. तुमच्या क्लोरीनने मरतील ते!"

त्याने ट्रेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं... आणि हसू दाबत म्हणाला, "सॉरी हं, जंतूताई. किती गेले?"

तिने उत्तर दिलं नाही. हातात ट्रे नसता तर दिलं असतं, आणि ते शब्दांत नसतं.

आता हे जंतूंचं प्रकरण सांगायला हवं. विमा कंपनीतली बरी चाललेली नोकरी सोडून ही मुलगी घरी जेली करायला लागली होती. ताज्या फळांचा रस, त्यात जिलेटिन, आणि रस जरा निवला की प्रोबायोटिकच्या कॅप्सूल उघडून आतली भुकटी. पोटाला मानवणारे जंतू म्हणे. फ्रिजमध्ये घट्ट झालं की चौकोनी वड्या कापायच्या आणि डब्यांत भरून द्यायच्या. जवळच्या पाळणाघरातली मुलं त्या मिटक्या मारत खायची. घरच्यांना मात्र हे सगळं खूळ वाटत होतं. "लोक फ्रिज घेतात ते जंतूंपासून वाचायला," आई म्हणाली, "आणि आमची लेक त्यांना राहायला जागा देतेय! माझ्या फ्रिजमध्ये जंतू येणार नाहीत. सांगून ठेवते." आईचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. पण लेकही त्याच आईची होती. तिने खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या फ्रिजमधला एक कप्पा मागून घेतला आणि रोज ट्रे घेऊन जिना उतरायला लागली.

आणि तो ओल्या केसांचा प्राणी निघाला त्याच काकूंचा भाचा! पूलवर नोकरी लागली म्हणून मावशीकडे राहायला आलेला, आणि त्या दिवशी नवखेपणाने मजला चुकून वर चढलेला. पूलवरची मुलं त्याला बेडूक म्हणत. ते कळलं तेव्हा तिला फार बरं वाटलं.

पुढे काय झालं असेल हे सांगायला ज्योतिषी नको. फ्रिज एक, माणसं दोन. डब्यातल्या वड्या कमी व्हायला लागल्या.

"कोणी खाल्ल्या?"

"जंतूंनी असतील. जिवंत आहेत ना ते."

"जंतूंना इतकं मोठं तोंड नसतं. बेडकांना असतं."

"धंद्यानेच वैरी आहोत आपण, जंतूताई," तो उसासा टाकून म्हणायचा. "मी मारणार, तुम्ही पाळणार. कसं जमायचं?"

"कोणी सांगितलंय जमवायला?" ती फणकाऱ्याने म्हणायची, आणि वर जाताना जिन्यात एकटीच हसायची. हळूहळू तिचं पातेलंही काकूंच्या ओट्यावर आलं. आईच्या गॅसपेक्षा काकूंच्या गॅसची आच चांगली, असं कारण तिने दिलं. काकूंनी ते मान्य केलं आणि तोंडाला पदर लावला.

एका संध्याकाळी ती पातेल्याशी उभी राहून मनगटावर रसाचा थेंब टाकून बघत होती.

"हे काय चाललंय?" त्याने मागून येऊन विचारलं.

"कोमट झालाय का बघतेय. गरम रसात जंतू मरतात, आणि फार गार होऊ दिला तर जिलेटिनच्या गाठी होतात. बरोब्बर कोमट लागतो."

"आम्ही लहान मुलांच्या टाकीचं पाणी कोपराने बघतो." त्याने हात पुढे केला. "माझ्या मनगटावर टाकून बघा. एकाच मनगटावर किती विश्वास ठेवायचा?"

तिने चमच्यातून थेंब टाकला. डाळिंबाचा लाल थेंब... त्याने हात मागे घेतला नाही, आणि तिनेही धरलेला सोडला नाही.

"कोमट आहे?" तिने विचारलं. आवाज उगाचच बारीक आला होता.

"मला तर... भाजतंय," तो म्हणाला.

त्या दिवशीच्या जेलीत गाठी झाल्या. रस पार गार होऊन गेला होता!

आणि इथेच आईने दाताचे डॉक्टर आणले. बाबांच्या मित्राचा मुलगा. स्वतःचा दवाखाना, नीट भांग, शांत आवाज. त्याला जेवायला बोलावलं. कशासाठी, ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि नकार द्यायला कोणाकडे कारण नव्हतं.

"जा ना," बेडूक म्हणाला. तिच्याकडे न बघता तो टॉवेलची घडी घालत होता, मोडत होता, पुन्हा घालत होता. "माणूस बघून घ्या. दात तरी फुकटात तपासून होतील."

"तुमचं एवढंच म्हणणं आहे?"

"माझं म्हणणं..." त्याने घडी पुन्हा मोडली. "माझं काय असणार?"

ती पाय आपटत वर गेली.

डॉक्टर खरोखरच सज्जन होता. भाजीला नावं ठेवली नाहीत, मोठ्याने हसला नाही, कोणाचं बोलणं तोडलं नाही. जेवण संपत आल्यावर म्हणाला, "जेली करता असं ऐकलं. छंद म्हणून चालू ठेवायला माझी हरकत नाही. संसारात पडलं की आपोआप सुटतात या गोष्टी."

बाबा समाधानाने खुर्चीत मागे टेकले. आई हसून म्हणाली, "माणूस असा शांत हवा. फार उकळ्या फुटणारे लवकर निवतात. संसार आपला कोमटच बरा."

कोमट! तिच्या हातातला घास ताटात परत गेला. रोज ती ज्या शब्दासाठी मनगटावर थेंब टाकत होती, तोच शब्द आईने तिच्या सगळ्या आयुष्यावर टाकला होता. तिच्या छातीत काहीतरी रटरटायला लागलं, आणि ते खाली उतरवायची तिची अजिबात इच्छा नव्हती.

"आई, कोमट जंतूंना लागतं. मला नाही."

"अगं, पाहुण्यांसमोर—"

"पाहुण्यांनाच सांगतेय." ती डॉक्टरकडे वळली. "तुम्ही चांगले आहात. तुम्हाला नावं ठेवायला मला काही सापडत नाही, आणि तीच माझी अडचण आहे. जेली सुटणार नाही. संसारात पडले तरी नाही. आणि मला हरकत नसलेला माणूस नको, मला हौस असलेला माणूस हवा."

डॉक्टरने थंड पाणी मागितलं. ते पिऊन, सगळ्यांचे आभार मानून तो निघून गेला. मग बाबांचा आवाज चढला आणि आईचे डोळे भरले. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण बोललेला एकही शब्द परत घ्यावासा वाटला नाही. जेवतानाही उघडंच राहिलेलं दार तसंच सताड टाकून ती जिना उतरली.

काकूंच्या स्वयंपाकघरात बेडूक फ्रिजसमोर जमिनीवर मांडी घालून बसला होता. पुढ्यात काचेचं भांडं, त्यात पिवळं पाणी.

"काय हे?"

"जेली." त्याने मान वर केली नाही. "तुम्हाला द्यायला केली होती. बोलून दाखवता येत नाही, म्हटलं करून दाखवावं. दुपारपासून ठेवलीय. घट्टच होईना."

"कसला रस?"

"अननस. ताजा. स्वतः चिरला, स्वतः पिळला. नीट कोमट केला, कोपराने बघितला..."

ती हसायला लागली. इतकी हसली की ओट्याला धरून खाली बसली, आणि हसता हसताच डोळ्यांत पाणी आलं. "अरे वेड्या, न उकळलेल्या अननसाची जेली जन्मात होत नाही! तो जिलेटिनला धरूच देत नाही. त्याला कोमट करून भागत नाही. आधी चांगली उकळी लागते."

"उकळी?"

"उकळी. मी आत्ताच वर आणून आले."

त्याने झटकन मान वर केली. "म्हणजे डॉक्टर...?"

"गेले."

"जंतूताई, खरंच—"

"आणि हे बघ. जंतू म्हण, ते चालेल. पण ताई म्हणायचं नाही. आजपासून नाही."

फ्रिजचं दार उघडंच होतं. आतला गार वारा दोघांच्या पायांवर येत होता, आणि दोघांचेही कान तापले होते.

"मग... जंतू?"

"हं."

"मला हौस आहे. तुझी. तुझ्या जंतूंचीसुद्धा. पहिल्या थेंबापासून."

हे डॉक्टरसमोर बोललेले शब्द त्याला कसे कळले? उघड्या दारातून सगळ्या जिन्याने ऐकले होते, आणि जिन्यातच उभ्या असलेल्या काकूंनी धावत खाली येऊन ते त्याला सांगितलेही होते! तिने ते विचारत न बसता भांडं उचललं, तोंडाला लावलं, आणि न जमलेली जेली अर्धी पिऊन उरलेली त्याच्या हातात दिली.

"कुठे गेलीस गं?" वरून आईची हाक आली. रागाची होती, रडवेलीही होती.

तिने एका हातात आपला ट्रे घेतला, दुसऱ्या हातात त्याचं मनगट, आणि जिन्यात येऊन सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी ओरडली,

"येतेय आई! दोघं येतोय! फ्रिजमधला एक कप्पा रिकामा कर!"

आधी वर खुर्ची सरकली. मग फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ, आदळआपट करत का होईना, भांडी सरकवल्याचा.