निळ्या ठिपक्याची स्प्रिंग

"एकच हवी आहे. पुढची, उजवीकडची," मी म्हणाले.

काउंटरपलीकडच्या माणसाने कानावरची पेन्सिल काढली, माझ्याकडे पाहिलं आणि पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. लिहिलं काहीच नाही.

"एकच नाही बदलत, मॅडम. स्प्रिंगा जोडीने बदलायच्या. एक नवी, एक जुनी असली की गाडी एका बाजूला तोंड फिरवून बसते."

"रुसते म्हणा ना."

"रुसते," तो म्हणाला आणि गालात हसला. "बसवणार कोण?"

"मी."

"एकट्या?"

"का? बसवायच्यासुद्धा जोडीनेच असतात का?"

कुठून आलं तोंडात कोण जाणे! तो कानापर्यंत लाल झाला, आत गेला आणि दोन खोकी घेऊन आला. स्प्रिंग दाबून धरायचे दोन शिकंजेही त्याने बरोबर बांधून दिले. मला त्या दिवशी कोणाकडे बघून हसायला अजिबात वेळ नव्हता, तरी दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत मी हसतच होते.

गाडीत बसले आणि हसू पळालं. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी अकराला तिला घरी सोडणार होते. डॉक्टरांनी बजावलं होतं—पंधरा दिवस पाठीला हिसका बसता कामा नये. आणि आमच्या गाडीची स्प्रिंग तुटलेली. साधा खड्डा आला तरी खाड्कन आवाज. मेकॅनिक बहिणीच्या लग्नाला गेलेला, मंगळवारपर्यंत येणार नव्हता. ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं तर आई म्हणाली, "आडवी होऊन दारात आले तर चारही मजले खाली उतरतील बघायला. मी येईन तर आपल्याच गाडीतून. नाहीतर मला इथंच राहू दे."

मी काळजीचं गाठोडं आहे, हे आधीच सांगून टाकते. औषधांच्या दुकानात काम करते. चिठ्ठी तीनदा वाचल्याशिवाय माझ्या हातून गोळी सुटत नाही. घराला कुलूप लावलं की अर्ध्या जिन्यातून परत येऊन ओढून बघते. आई म्हणते, ही जन्माला आली तीसुद्धा आधी इकडेतिकडे बघून.

पण बाबा होते तेव्हा गाडीची सगळी कामं घरीच करायचे आणि बॅटरीचा उजेड धरायला मी असायचे. त्यांची पेटी उघडली. एक जॅक, गाडी टेकवायचे दोन स्टँड, हातोडी, पाइपचा तुकडा आणि त्या नटांना बसेल असा एकच पाना. एवढ्यावर निभावायचं होतं. भीती होती ती स्प्रिंगची. दाबलेली स्प्रिंग सुटली तर दात, डोळे, भिंत... काही बघत नाही. श्वास रोखून, घामाघूम होऊन, दुपारी अडीचपर्यंत मी उजवी बाजू एकटीने बसवली. तारेचं टोक आपल्या खाचेत बसलंय की नाही, ते तीनदा पाहिलं. मध्ये आईचे तीन फोन.

"जमतंय का गं? तुला नाही जमायचं. राहू दे."

डावी बाजू खोलायला घेतली आणि गाडीखालून मला दोन बूट दिसले. बूट धापा टाकत होते, म्हणजे बुटांतला माणूस.

"बिलावर पत्ता होता म्हणून..." पेन्सिलवाला! हातात जड पिशवी. "सुरुवात नाही ना केलीत?"

"उजवी झालीसुद्धा."

त्याचा चेहरा पडला. तो चाकाशी उकिडवा बसला आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"ही... उलटी बसलीय."

"पण मी नीट पाहिलं होतं. टोक खाचेत—"

"होतं असं कधी कधी," तो टायरकडे बघत म्हणाला. "परत काढावी लागेल. मी आणलीय दुसरी."

"सॉरी," मी म्हणाले. त्याला कशाला सॉरी, देव जाणे. जगात काहीही बिघडलं की माझं तोंड आधी सॉरी म्हणून मोकळं होतं. आई म्हणत होती तेच खरं, नाहीच जमायचं आपल्याला... हे असंच घेऊन उद्या आईला हॉस्पिटलातून आणलं असतं तर? हे शेवटचं मी मोठ्यानेच बोलले.

आम्ही ती बाजू पुन्हा खोलली. शॉकअपवरून माझी स्प्रिंग काढून त्याने घाईघाईने पिशवीत टाकली आणि नवीला दोन बाजूंनी दोन शिकंजे लावले.

"पाना एकच आहे ना? मग अर्धा वेढा तुम्ही, अर्धा मी," तो म्हणाला. "एका बाजूला जास्त आवळलं गेलं तर वाकून उडेल."

अर्धा वेढा मी. पाना त्याच्या हातात. अर्धा वेढा तो. पाना माझ्या हातात, त्याच्या तळव्याने कोमट झालेला. स्प्रिंग कण्हत कण्हत आखूड होत होती आणि आमची डोकी जवळ येत होती. त्याच्या शर्टाला ग्रीसचा आणि नव्या पुठ्ठ्याचा वास होता. मी वास घेतेय हे लक्षात आल्यावर मी श्वासच बंद केला.

"घाबरलात?" त्याने विचारलं.

"मी मेथी निवडतानाही घाबरते. तुम्ही?"

"मी काउंटरमागे असतो. तिथं काही उडत नाही."

"मग आज बाहेर कसे आलात?"

अर्धा वेढा त्याचा झाला, पण पाना त्याने दिला नाही. आणि माझ्या डोक्यात, सवयीप्रमाणे, दुसऱ्यांदा वाचलेल्या चिठ्ठीसारखं काहीतरी खटकलं.

"एक सांगा... मी उलटी बसवणार, हे दुकानातून निघतानाच कसं कळलं तुम्हाला? दुसरी घेऊनच आलात ती?"

त्याचा हात थांबला. आमच्या दोघांच्या मध्ये ती दाबलेली स्प्रिंग.

"आत्ता नाही सांगत."

"का?"

"तुम्ही रागवाल. हात हलेल. आधी हिला बसवू, सोडू... मग सांगतो. शपथ."

मग वरचा नट आवळायचा आणि शिकंजे सैल करायचे. तेही अर्धा वेढा तुम्ही, अर्धा मी. वीस मिनिटं! त्या वीस मिनिटांत मी काय काय कल्पून घेतलं—माल चोरीचा आहे, स्प्रिंगांना तडे आहेत, याचं लग्न झालंय... तिसऱ्या कल्पनेचा स्प्रिंगशी काही संबंध नव्हता, पण छातीत धडधडलं ते त्यानेच.

शिकंजे सुटले. त्याने पाना उचलून माझ्यापासून लांब ठेवला. शहाणा होता.

"तुमची उलटी नव्हती बसली," तो म्हणाला. "अगदी बरोबर बसवली होतीत तुम्ही. स्प्रिंगच चुकीची होती. निळा ठिपका डिझेल गाडीचा. तुमचा पिवळा. मी खोक्यांवरचा नंबर बघितलाच नाही. दुपारी एकला दुकान बंद करताना माल मोजला, तेव्हा डिझेलची एक कमी आणि पेट्रोलची एक जास्त निघाली. ती कडक असते... पहिल्याच खड्ड्याला तुमच्या गाडीला असा दणका—तुम्ही म्हणालात ना आत्ता, उद्या आईंना आणायचंय..."

निळा ठिपका मी पाहिला होता. एक डावीचा, एक उजवीचा असेल, अशी मनाची समजूत घातली होती. पण ते मला नंतर आठवलं. आधी आला तो राग.

"दोन तास! दोन तास मी स्वतःला शिव्या घालतेय. तुम्हाला पंधरा वेळा सॉरी म्हटलं मी!"

"सतरा," तो खाली बघत म्हणाला. "प्रत्येक वेळी सांगावंसं वाटत होतं."

"मग का नाही सांगितलंत?"

"मालक नोकरीवरून काढेल म्हणून... नाही, हेही खोटं. नोकरी नंतर आठवली. तुम्ही मला मूर्ख म्हणाल, याचीच भीती वाटली."

"काउंटरवर मीही उभी असते. अशी चुकीची गोळी दिली असती तर माणूस गेला असता. नंबर बघायला काय झालं होतं?"

"बघत होतो... तुम्हाला. तुम्ही ते जोडीचं म्हणालात, मग मी आत गेलो आणि कुठल्या फळीवर हात घातला ते..." त्याने हात नुसतेच हलवले.

मला राग आला होता, खरंच आला होता. पण मी बरोबर होते. एकटीने, एका पान्यावर, मी बरोबर बसवलं होतं! आणि आठ दिवस हॉस्पिटलच्या बाकावर झोपलेल्या माझ्या या अवताराकडे बघून कोणीतरी नंबर विसरलं होतं. लाज वाटली... आणि आवडलंही.

"डावी बाकी आहे," तो हळूच म्हणाला. "ती करून जातो. हवं तर बोलू नका माझ्याशी."

नाहीच बोलले. दीड तासात फक्त "अर्धा" एवढाच शब्द. मात्र पाना देताना त्याची बोटं जरा जास्त वेळ राहिली, तेव्हा मीही हात ओढला नाही.

संध्याकाळी चाकं जमिनीवर टेकली. गाडी दोन्ही बाजूंनी सारखी उभी होती. मी वितीने मोजली, मग टेपने मोजली, मग पुन्हा टेपने. पुढची सीट मागे पाडली आणि त्याला म्हटलं, "झोपा."

"कुठे?"

"आईच्या जागी. धक्का बसला की सांगायचं. खोटं बोलाल तर तिथंच उतरवीन."

तो निमूटपणे आडवा झाला, हात पोटावर ठेवून, पेशंटसारखा. मी हॉस्पिटलचा सगळा रस्ता काढला. पहिला स्पीडब्रेकर... माझे दात घट्ट मिटलेले. गाडी मऊपणे वर गेली, मऊपणे खाली आली.

"काही नाही," तो छताकडे बघत म्हणाला. "खरंच काही नाही."

तेवढ्यात फोन वाजला. मी गाडी कडेला घेतली आणि स्पीकर लावला. तो नेमका तेव्हाच खोकला.

"काय गं, जमलं का? आणि ते खोकतंय कोण?"

"स्प्रिंगच्या दुकानातला माणूस आहे, आई. तुझ्या जागी झोपवलाय."

"त्याने बसवली का?"

त्याने झोपल्या झोपल्याच जोरजोरात मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं.

"मी बसवली," मी म्हणाले. "त्याने मदत केली. पण बसवली मी."

पलीकडून वॉर्डातल्या ट्रॉलीचा आवाज तेवढा येत होता. आता ती म्हणेल, राहू दे... मी डोळे मिटून घेतले.

"किती वेळा तपासलीस?"

"तीनदा."

"मग येते मी," आई म्हणाली. "आणि त्या माणसालाही आण. उतरताना धरायला दुसरं कोणीतरी लागेल."

फोन बंद झाला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. तो उठून बसला. त्याचा हात माझ्या खांद्यापर्यंत आला आणि घाबरून तिथंच हवेत थांबला. मी तो धरून खाली घेतला. दोघांचेही हात काळेकुट्ट होते.

"मग... येऊ उद्या?" त्याने विचारलं.

"या. दहा वाजता. पण उद्या सगळं लक्ष आईकडे. माझ्याकडे परवा बघा."

तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "परवा किती वाजल्यापासून?"